सामुदायिक मानसिक आरोग्य सेवेत माणसे टिकवायची, तर जबाबदारी वाटून घ्यावी लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदा जणांच्या तुमच्या सामुदायिक मानसिक आरोग्य पथकातून अडीच वर्षांत नऊ जण सोडून गेले, पगार वाढवणे तुमच्या हातात नाही, निरोपाच्या मुलाखतीत जवळजवळ प्रत्येकाने ‘वैयक्तिक कारण’ एवढेच सांगितले, आणि उरलेल्यांपैकी आणखी दोघे-तिघे निघण्याच्या बेतात असावेत, असे तुम्हाला जाणवते आहे. अशा वेळी पथकप्रमुखाने नेमके काय करावे? मी या क्षेत्रात आधी मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणून आणि नंतर पथकप्रमुख म्हणून मिळून बावीस वर्षे काम केले आहे आणि ही गळती दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. तेवढ्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, या कामात माणूस सर्वाधिक खचतो तो दुसऱ्याच्या जिवाची काळजी एकट्याने वाहावी लागल्याने. म्हणून माझे बहुतेक उत्तर या एकटेपणाविषयीच आहे.

पगाराचा मुद्दा मात्र बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कमी पगार हे सोडून जाण्याचे खरे कारण आहे, आणि सेवाभावाची भाषा वापरून त्याची भरपाई करता येत नाही. उलट, वेळेवर पगार न मिळालेल्या माणसाला समर्पणाविषयी चार शब्द ऐकवले की तो अधिक दुखावतो. तुमच्या हातात पगाराचा आकडा नसला, तरी त्याच्या आसपासच्या पुष्कळ गोष्टी असतात. प्रवासखर्च त्याच महिन्यात मिळतो की तीन महिन्यांनी? कंत्राटाचे नूतनीकरण होणार की नाही, हे मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात कळते की दोन महिने आधी? रात्री आलेल्या आपत्कालीन फोनच्या बदल्यात सुट्टी मिळते का, आणि ती प्रत्यक्षात घेता येते का? या बाबींत शिस्त आणल्याने माणसे टिकतीलच असे नाही, परंतु त्या ढिल्या राहिल्या तर पुढे मी जे सांगणार आहे त्यातले काहीही उपयोगी पडणार नाही.

आता एकटेपणाविषयी. मोठ्या मनोरुग्णालयांत एक भिंत असते. त्या भिंतीने आत असलेल्या माणसांचे फार नुकसान केले, यात शंका नाही. पण कर्मचाऱ्यांच्या मनातली बरीचशी धास्तीही ती भिंत सांभाळत असे. रात्रपाळीला कोणीतरी असते, दार बंद असते, शेजारच्या वॉर्डात दुसरी परिचारिका असते. अमेरिकेत १९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्याने आणि इटलीत १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने उपचार भिंतीबाहेर आणण्याची दिशा घेतली, आणि ती दिशा योग्यच होती. मात्र भिंत गेली तेव्हा ती जी धास्ती सांभाळत होती, ती कोणी सांभाळायची, याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी झाली नाही. ती धास्ती गृहभेटीला जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या वाट्याला आली. दार उघडणारा शुभार्थी (मनोविकारासह जगणारी, आपली सेवा घेणारी व्यक्ती) आज कसा असेल, त्याने औषधे बंद केली आहेत का, ‘आता काही अर्थ नाही’ या त्याच्या वाक्यात नेहमीचा थकवा आहे की काही ठरवून टाकल्याची खूण आहे, याचा निर्णय उंबरठ्यावर उभे राहून, काही मिनिटांत आणि एकट्याने करावा लागतो. त्यानंतर घरी जायचे असते, आणि तो निर्णयही सोबत घरी येतो.

संस्था या धास्तीपासून स्वतःचा बचाव कसा करतात, याचा एक जुना आणि आजही अस्वस्थ करणारा अभ्यास इझाबेल मेन्झीज यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला होता. लंडनमधील एका शिकाऊ रुग्णालयात त्यांनी पाहिले की, परिचारिकांना रुग्णाच्या दुःखाची झळ लागू नये म्हणून कामाचे लहान लहान तुकडे केले जात, प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली जाई आणि निर्णय वरिष्ठांकडे ढकलले जात. एवढे करूनही धास्ती कमी झाली नाही. कामातले समाधान मात्र गेले. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत होत्या, आणि सोडणाऱ्यांत अधिक समज असलेल्या, चांगल्या विद्यार्थिनींचे प्रमाण लक्षणीय होते. हा शेवटचा भाग मी माझ्या पथकांतही अनुभवला आहे. ज्यांना शुभार्थींविषयी खरी आस्था असते, ते केवळ रकाने भरण्याच्या कामात फार काळ राहत नाहीत. तेव्हा गेलेल्या नऊ जणांत तुमचे सर्वोत्तम सहकारी किती होते, हे एकदा शांतपणे मोजून पाहा.

याच्या उलट रचना कशी असू शकते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे १९७० च्या दशकात उभे राहिले. लिओनार्ड स्टाइन, मेरी ॲन टेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर मनोविकार असलेल्या लोकांसाठी जे सामुदायिक पथक तयार केले, त्याचा नमुना पुढे अनेक देशांनी घेतला. या नमुन्यात एका कार्यकर्त्यामागे साधारण दहा शुभार्थी असतात, पण त्याहून महत्त्वाची बाब अशी की शुभार्थी एकट्या कार्यकर्त्याचा नसून संपूर्ण पथकाचा मानला जातो. पथक रोज भेटते आणि सर्वांच्या परिस्थितीवरून एकदा नजर फिरवते. ही रचना शुभार्थींच्या हितासाठी करण्यात आली होती. कर्मचारी टिकवणे हा तिचा मुख्य हेतू नव्हता. तरीही कर्मचारी टिकवण्यासाठी मला जर एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी ही रोजची बैठक निवडेन. दहाचे प्रमाण तुम्हाला परवडणार नाही, हे उघड आहे. वीस मिनिटांची बैठक परवडू शकते. तिच्यात आकडे विचारायचे नाहीत. ‘आज कोणाच्या बाबतीत मनात धाकधूक आहे?’ एवढाच प्रश्न विचारायचा, आणि जे नाव पुढे येईल त्याच्याविषयीचा निर्णय सर्वांच्या साक्षीने घेऊन त्याची नोंद पथकाच्या नावाने करायची. एखाद्या शुभार्थीला आज रुग्णालयात दाखल करायचे नाही, उद्या पुन्हा भेटायचे, असे ठरले, तर तो निर्णय पथकाचा असतो, आणि रात्री ती एकटी कार्यकर्ती त्याच्या ओझ्याखाली जागी राहत नाही. निदान पूर्वीइतकी राहत नाही.

केसलोडच्या, म्हणजे एका कार्यकर्त्याकडे सोपवलेल्या शुभार्थींच्या भाराच्या, बाबतीत केवळ संख्या पाहणे ही अगदी नेहमीची चूक आहे आणि ती मीही केली आहे. माझ्या एका पथकात दोघांकडे बत्तीस-बत्तीस शुभार्थी होते. एक जण वेळेत काम संपवत असे आणि दुसरी सतत थकलेली दिसे, म्हणून मी तिला वेळेचे नियोजन शिकवू लागलो. पुढे याद्या समोरासमोर ठेवल्यावर दिसले की, पहिल्याच्या यादीतील निम्म्याहून अधिक लोक स्थिर होते आणि महिन्याला एकदा इंजेक्शनसाठी येत होते, तर तिच्या यादीत रुग्णालयातून नुकतेच घरी परतलेले अकरा जण होते. रुग्णालयातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात, हे आम्हा सर्वांना पाठ होते, तरी काम वाटताना त्या ज्ञानाचा मी उपयोग केला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे भार लिहू लागलो: अलीकडचे संकट, घरातील लहान मुले, व्यसनाची जोड, भेटीला लागणारा प्रवास, कुटुंबाचा आधार आहे की नाही. ही मोजणी कधीच अचूक होत नाही. पण ‘तुझे काम जड आहे, हे मला दिसते आहे’ एवढे तरी तिच्यातून सांगितले जाते, आणि ते ऐकण्याची गरज माणसाला आपण समजतो त्याहून फार जास्त असते.

याच संदर्भात, कोणी सोडून गेल्यावर त्याची संपूर्ण यादी नव्या माणसाच्या हाती देण्याची प्रथा तुमच्याकडे असेल, तर ती आजच थांबवा. ती प्रथा गळतीतून नवी गळती निर्माण करते. त्या यादीतील प्रत्येक शुभार्थी नुकताच एका विश्वासाच्या माणसाला मुकलेला असतो. आपली कहाणी तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा पहिल्यापासून सांगावी लागणार, याचा त्याला राग असतो, आणि तो राग अगदी नव्या, अननुभवी कार्यकर्त्यावर निघतो. पहिल्याच महिन्यात अशा तीस रागावलेल्या, दुखावलेल्या माणसांना भेटणाऱ्याला आपण या कामाला लायकच नाही असे वाटू लागते, आणि वर्षाच्या आत तोही राजीनामा देतो. सोडून जाणाऱ्याची यादी आधी जुन्या लोकांत विभागावी, नव्या माणसाला थोड्या आणि वेगवेगळ्या भाराच्या केसेस द्याव्यात, पहिले तीन महिने त्याच्या बहुतेक गृहभेटी जोडीने व्हाव्यात, आणि शक्य तेथे जाणारा व येणारा यांनी शुभार्थीला एकत्र भेटून निरोप आणि ओळख दोन्ही करावे. जुने लोक कुरकुर करतील. त्यांना कारण सांगितले तर समजेल, कारण तेही कधीतरी अशी यादी हाती घेऊन उभे राहिलेले असतात.

सुपरव्हिजनविषयी, म्हणजे कार्यकर्त्याने आपल्या कामाबद्दल मार्गदर्शकाशी नियमित बोलण्याविषयी, लिहायला हवे, कारण तुमच्या पत्रात ‘आमच्याकडे दरमहा सुपरव्हिजन होते’ असे वाक्य आहे, आणि ते नेमके कसे होते हे मी ओळखू शकतो. आल्फ्रेड कदुशिन यांनी समाजकार्यातील सुपरव्हिजनची तीन अंगे सांगितली होती: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारे. व्यवहारात पहिले अंग उरलेल्या दोघांना गिळून टाकते. प्रलंबित नोंदी, राहिलेल्या भेटी, अहवालाची तारीख यांतच तास संपतो आणि कार्यकर्ता उठताना ‘बाकी सगळे ठीक’ म्हणून जातो. प्रशासकीय आढावा वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत आणि शक्य असल्यास वेगळ्या माणसाने घ्यावा. उरलेला तास दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वेळी, एकाच शुभार्थीविषयी आणि त्याच्यासमोर बसल्यावर कार्यकर्त्याच्या मनात काय होते याविषयी असावा. तो तास प्रमुखाने कधीही रद्द करू नये; वरिष्ठांची बैठक आली तरी नाही. दोनदा रद्द झालेला तास तिसऱ्यांदा भरला, तरी त्यात कोणी मन उघडत नाही. स्वतंत्र मार्गदर्शक मिळत नसेल, तर मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमधील कुटुंबवैद्यांसाठी सुरू केलेल्या गटांची पद्धत उपयोगी पडते. सहा ते दहा जण, एक जण कागद न पाहता एका रुग्णाविषयी बोलतो, आणि गट त्याच्या निदानाऐवजी त्या दोघांमधील नात्याचा विचार करतो. सल्ला देण्याची घाई त्यात टाळावी लागते, आणि सुरुवातीला तीच सर्वांत अवघड जाते.

आता ज्या प्रसंगाविषयी मला सर्वाधिक कळकळीने लिहायचे आहे, तो म्हणजे शुभार्थीची आत्महत्या. दीर्घकाळ या क्षेत्रात राहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ती केव्हातरी येते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत संस्था कशी वागते, यावर त्या कार्यकर्त्याचा आणि ते सर्व पाहणाऱ्या इतरांचाही पुढचा निर्णय बराचसा ठरतो, अशी माझी खात्री आहे. माझी एक तरुण सहकारी अशा घटनेनंतर आठ महिन्यांनी सोडून गेली. राजीनाम्यात ‘घरगुती कारण’ लिहिले होते. दोन वर्षांनी तिने मला सांगितले की, त्या दिवशी सकाळी कार्यालयातून तिला आलेल्या पहिल्या फोनवरचा पहिला प्रश्न ‘शेवटच्या भेटीची नोंद पूर्ण आहे ना?’ असा होता. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तोही घाबरलेला होता. पण तिला त्या क्षणी कळले की, ती बुडाली तर एकटीच बुडणार आहे. नोकरी तिने त्या सकाळीच सोडली होती. कागद आठ महिन्यांनी आला.

म्हणून असा प्रसंग येण्याआधीच काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिला फोन पथकप्रमुखाने स्वतः करावा, आणि त्यात फक्त ‘तू कुठे आहेस, तुझ्याजवळ कोण आहे’ एवढेच विचारावे. त्या दिवसाच्या भेटी दुसऱ्यांनी घ्याव्यात. तिला कुटुंबाला भेटायला जायचे असेल, तर प्रमुखाने सोबत जावे. चौकशी आवश्यकच असते, पण ती करणारी व्यक्ती आणि आधार देणारी व्यक्ती एक नसावी, आणि चौकशीचा निष्कर्ष कार्यकर्तीला इतरांच्या आधी कळावा. एक सावधगिरी येथे नोंदवतो: घटनेनंतर लगेच सर्वांना एका खोलीत बसवून भावना सविस्तर सांगायला लावणारे एकवेळचे सत्र, ज्याची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली, ते अनेक संस्था आजही घेतात. नंतरच्या पद्धतशीर आढाव्यांत एकवेळच्या अशा सत्रांनी आघातोत्तर ताण टळतो असे दिसले नाही, आणि काही चाचण्यांत अपायाचीही शक्यता दिसली. तेव्हा बोलण्याची सक्ती करू नये. व्यावहारिक मदत, ओळखीच्या माणसाची सोबत, काही आठवडे हलका केलेला भार आणि दीड-दोन महिन्यांनी आठवणीने केलेली विचारपूस, यांवर मी अधिक भरवसा ठेवतो. ती विचारपूस बहुतेक ठिकाणी राहून जाते, कारण तोवर इतरांच्या मनातून प्रसंग मागे पडलेला असतो.

‘बर्नआउट’ हा शब्द तुम्ही तीनदा वापरला आहे आणि कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा घेतल्याचेही लिहिले आहे. हा शब्द मानसशास्त्राच्या चर्चेत रूढ झाला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यांतील स्वयंसेवी कर्मचाऱ्यांविषयी लिहिले तेव्हापासून, म्हणजे तो आपल्यासारख्याच कामातून आला आहे. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह त्याचे मोजमाप मांडले: भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. पुढे मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी त्याची मुळे कामाचा भार, निर्णयावरील ताबा, मोबदला व दखल, सहकाऱ्यांचे नाते, न्याय आणि मूल्ये या सहा ठिकाणी शोधली. या सहांपैकी एकही ठिकाण कर्मचाऱ्याच्या श्वासोच्छ्वासात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही बर्नआउटची नोंद आजार म्हणून नसून, नीट हाताळल्या न गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी स्थिती अशी आहे. कार्यशाळा वाईट नसते, परंतु तिच्या मागे बाकी काहीच बदलले नाही, तर ‘दोष तुमच्या सहनशक्तीत आहे’ असा तिचा अर्थ घेतला जातो, आणि तो अर्थ घेणारे चुकत नाहीत.

न्याय आणि मूल्ये यांविषयी एक गोष्ट वेगळी सांगतो. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात ‘नैतिक क्लेश’ ही कल्पना मांडली: योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या मर्यादांमुळे ते करता येत नाही. दाखल करणे गरजेचे आहे आणि खाट नाही. औषध लागू पडले आहे आणि पुरवठा थांबला आहे. घर मिळाले तर माणूस सावरेल आणि घर देणे आपल्या अखत्यारीत नाही. हे प्रश्न तुम्ही सोडवू शकत नसाल, तरी ‘आपल्याला जे करता आले नाही’ अशी एक नोंदवही ठेवा, दर तिमाहीला ती वरिष्ठांकडे लेखी पाठवा आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही ही गोष्ट, पथकाला सांगा. आपली वेदना कोणीतरी पुढे पोहोचवतो आहे, हे दिसले की माणूस मर्यादाही अधिक काळ सहन करतो.

कागदकामाविषयी थोडक्यात: प्रत्येक फॉर्म शेवटी कोण वाचतो याचा माग काढा, आणि जो कोणीच वाचत नाही तो बंद करण्याची मागणी करा. बढतीचा प्रश्न मोठा आहे. पुष्कळ संस्थांत उत्तम कार्यकर्त्याला वर जायचे असेल, तर शुभार्थींपासून दूर, टेबलामागे जावे लागते. क्षेत्रातच राहून वाढता येईल असे ज्येष्ठ कार्यकर्त्याचे पद, अगदी थोड्या वाढीव मानधनाचे का असेना, मिळवण्यासाठी तुम्ही तुमचे वजन खर्च करा.

स्वतः मनोविकाराचा अनुभव घेतलेल्या सहकाऱ्यांना तुम्ही पथकात घेऊ इच्छिता, ही आनंदाची बाब आहे. मात्र एकालाच घेऊ नका, दोघांना घ्या. एकटा स्वानुभवी कार्यकर्ता ना कर्मचाऱ्यांत मिसळतो, ना शुभार्थींत, आणि त्याच्या प्रत्येक वाईट दिवसाकडे लक्षण म्हणून पाहिले जाते. त्याच्या कामाचे स्वरूप लेखी ठरवा आणि आजारपणाच्या रजेचे नियम सर्वांना सारखे ठेवा.

निरोपाच्या मुलाखतीवर मी फारसा विसंबत नाही. जाणाऱ्याला अनुभवाचे प्रमाणपत्र हवे असते आणि तो वाद टाळतो. सोडून गेल्यानंतर सहा महिन्यांनी केलेला फोन अधिक खरे सांगतो. तुमच्या नऊ जणांपैकी किमान चौघांना तो करा, आणि बाजू न मांडता ऐका. जे अजून आहेत त्यांना, एकेकट्याने भेटून, ‘गेल्या महिन्यात नोकरी सोडावी असे कोणत्या दिवशी वाटले?’ असे विचारा. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ या प्रश्नाला सगळे होय म्हणतात. दिवस विचारला की प्रसंग समोर येतो. दोन आठवड्यांत परत जाऊन काय करता आले आणि काय करता आले नाही, ते सांगा. हे सांगायचे नसेल, तर विचारूच नका.

कोणाच्याही जागी दुसरा सहज मिळेल, या भ्रमात वरिष्ठांना राहू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मानसिक आरोग्यविषयक पाहणीत जगभरात दर एक लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांची मध्यक संख्या केवळ १३ होती, आणि कमी उत्पन्नाच्या देशांत ती दोनहूनही कमी होती. टिकवण्यासाठी लागणाऱ्या वेळेची मागणी करताना हा आकडा वापरा.

निघण्याच्या बेतात आहेत असे ज्यांच्याविषयी वाटते, त्या दोघा-तिघांपासून याच आठवड्यात सुरुवात करा. त्यांना राहण्याची गळ घालू नका. ‘तुझ्या यादीतल्या कोणाचा विचार रात्री येतो?’ एवढे विचारा, आणि जे नाव ते सांगतील त्याच्या पुढच्या गृहभेटीला त्यांच्यासोबत तुम्ही स्वतः जा.